करपा म्हणजे नेमका कोणता? भाजीपाल्यातील बुरशीनाशकांची पार्श्वभूमी

मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक १८८५ मध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत सिद्ध झाले. मराठवाड्यात मात्र ते बरीच वर्षे मोसंबीच्या खोडाला लावायची पेस्ट म्हणूनच ओळखीचे राहिले. भाजीपाला तेव्हा विहिरीखालच्या चार वाफ्यांचा होता. ठिबक आणि मल्चिंग पेपर आल्यावर चित्र पालटले. सिल्लोड-भोकरदनची मिरची मे महिन्यात लागू लागली, कन्नड-खुलताबादकडे आल्याची लागवड वाढली, जाफराबाद भागात बियाण्याच्या प्लॉटसाठी शेडनेट उभी राहिली. पीक पावसाळाभर शेतात उभे राहू लागले आणि बुरशीला मुक्काम मिळाला.

गोंधळ खरा आहे तो एका शब्दाचा. करपा.

टोमॅटोचे पान करपले, करपा. मिरचीचे फळ काळे पडून सुकले, करपा. कांद्याच्या पातीवर जांभळट चट्टा आला, तोही करपा. शेतकरी जे डोळ्यांना दिसते ते सांगतो, त्यात त्याची चूक काहीच नाही. पण औषध शब्दावर चालत नाही, रोगकारकावर चालते. टोमॅटोवरचाच करपा घ्या. लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांवर सुरू होतो. तपकिरी ठिपका उजेडात धरला तर आत एकात एक वलये दिसतात. उशिरा येणारा करपा थंड, ढगाळ, दमट हवेत येतो. पानावर पाण्यात भिजल्यासारखे डाग पडतात आणि पहाटे पान उलटे केले तर डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. पहिला खऱ्या बुरशीमुळे होतो. दुसऱ्याचा रोगकारक शास्त्राच्या हिशेबात बुरशी नाहीच. तो काकडी-दोडक्यावरच्या केवडा रोगाच्या रोगकारकाच्या कुळातला.

याचा परिणाम थेट खिशावर होतो. मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक फक्त या दुसऱ्या कुळावर चालते. कार्बेन्डाझिम हे दुसरे बुरशीनाशक त्या कुळावर चालत नाही आणि वलयवाल्या करप्यावरही त्याचा फारसा उपयोग नाही. तरी दोन्ही सर्रास फवारली जातात आणि 'फरक पडला' असेही ऐकू येते, कारण ती बहुतेकदा मॅन्कोझेब या तिसऱ्या बुरशीनाशकाच्या मिश्रणात येतात. काम मॅन्कोझेबने केलेले असते, पैसे मात्र दोघांचे जातात. आपल्याकडच्या उष्ण हवेत लवकर येणाराच करपा जास्त आढळतो, म्हणून हा खर्च मला फार खुपतो. शिवाय एकच आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारे, औषध पुन्हा पुन्हा मारले की रोग त्याला जुमानेनासा होतो. मेटॅलॅक्झिलबाबत १९८० च्या सुमारास युरोपात बटाट्यावर हेच घडले, तेही औषध बाजारात येऊन जेमतेम दोन-तीन वर्षे झाली असताना.

२०१९, २०२० आणि २०२१ अशी सलग तीन वर्षे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने उभी पिके झोडपली. फवारणीचे अंतर आठवड्यावरून तीन-चार दिवसांवर आले. नेमके याच काळात, मे २०२० मध्ये, केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, कॅप्टन, थायरम ही दुकानातली रोजची नावे होती. स्वस्त औषध गेले तर लहान शेतकऱ्याने काय मारायचे, हा प्रश्न रास्त होता. भाजीत उरणाऱ्या औषधाच्या अंशाची काळजीही तितकीच रास्त. २०२३ च्या अंतिम आदेशात मोजकीच नावे उरली. बुरशीनाशकांपैकी भुरीवरचे, म्हणजे पानावर पांढरी भुकटी आणणाऱ्या रोगावरचे, डिनोकॅप गेले, मॅन्कोझेब राहिले.

या सगळ्या वादात लेबलचा मुद्दा मागे पडला. कोणते औषध कोणत्या पिकाच्या कोणत्या रोगासाठी मंजूर आहे आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे डब्यावरच्या घडीपत्रिकेत छापलेले असते. टोमॅटोची तोडणी दोन-तीन दिवसांआड चालते. फवारलेल्या दिवसाची चिठ्ठी ठिबकच्या व्हॉल्व्हला बांधून ठेवणारे काही शेतकरी आहेत. तोडणीला आलेली बाई आधी ती चिठ्ठी वाचते, मग क्रेट उचलते.