कुऱ्हाड (जंगलातील वापर व सुरक्षितता)

लाकूड तोडणे-फोडणे, बांबू काढणे आणि वेळ आली तर रानात रात्रीपुरता आडोसा व शेकोटी करणे यांसाठी वापरायचे लोखंडी पात्याचे हत्यार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि मेळघाटातील गोंड, माडिया, कोरकू घरांत ते विळ्याइतकेच रोजचे आहे. छत्तीसगडच्या सीमेलगत लहान कुऱ्हाडीला टंगिया असेही म्हणतात.

विदर्भात कुऱ्हाडीचा खरा वैरी उन्हाळा. पारा 45 अंशांवर गेला की दांडा सुकून आकसतो आणि पाते हलू लागते. त्यावर घरगुती तोड म्हणजे कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणे. लाकूड फुगते, पाते घट्ट बसते. पण दांडा वाळला की पाते आधीपेक्षा सैल होते, आणि ते नेमके मोहफुलांच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात, घरापासून कोसभर दूर. पाचर नवी ठोकणे किंवा दांडाच बदलणे हाच उपाय. दांडा वरून ओवलेला असेल तर त्याचे जाड टोक वर राहते आणि पाते उडून जाण्याची भीती जवळपास उरत नाही. दांड्यासाठी धावडा किंवा तिवस चांगला, मात्र आधी नीट वाळवलेला. ओल्या लाकडाचा दांडा महिन्याभरात दगा देतो.

बोथट कुऱ्हाड सुरक्षित असते हा गैरसमज आहे. खैर, धावडा अशा कठीण लाकडावर बोथट पाते रुतत नाही, घसरते, आणि घसरलेला घाव तोडणाऱ्याकडेच वळतो. पाजवायला कानस पुरते. कुऱ्हाडीच्या पाठीवर दगड किंवा दुसरी कुऱ्हाड हाणून लाकूड फोडू नये. लोखंडाची कपची डोळ्यात जाऊ शकते.

लहान कुऱ्हाड हलकी म्हणून निर्धोक वाटते. प्रत्यक्षात लांब दांड्याचा चुकलेला घाव बहुधा जमिनीत जातो, तर आखूड दांड्याचा नडगीवर किंवा गुडघ्यावर येतो. म्हणून आखूड कुऱ्हाडीने गुडघे टेकून, लाकूड ओंडक्यावर ठेवून काम करावे. आडव्या झाडाच्या फांद्या छाटताना खोड आपल्या आणि पात्याच्या मध्ये असावे.

बांबूचे प्रकरण वेगळे. कटांग बांबूच्या बेटात काटेरी फांद्या एकमेकांत अडकून ताणलेल्या असतात. एक कांब तुटली की दुसरी सपकन उसळते. तिरपा घाव घालून सोडलेला खुंट भाल्यासारखा उभा राहतो, म्हणून तो शक्यतो सपाट कापावा. शेकोटीत अख्खी बांबूची कांडी टाकू नये. आतली हवा तापून ती फुटते आणि निखारे उडतात, तेव्हा आधी ती चिरून घ्यावी.

खांद्यावर कुऱ्हाड टाकून चालणे ही इथली ओळखीची ढब. ती दिसते छान, पण पावसाळ्यात शेवाळल्या वाटेवर पाय घसरला तर पाते मानेजवळ असते. पात्याखाली हात धरून, धार पुढे व खाली ठेवून, उताराच्या बाजूला धरावी. पात्यावर गोणपाट किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला तरी पुरते.

कुऱ्हाडीच्या जोरावर वाघाशी सामना करता येतो, हा भ्रम बाळगू नये. वाघापासून बचाव होतो तो सोबतीने, आवाज करत जाण्यामुळे. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 31 नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारे साधनही येते.

घाव लागलाच तर स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी व रक्त थांबेपर्यंत हात काढू नये. हळद, राख, माती भरू नये. रुतलेले पाते उपसू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन लागतेच. 108 ची गाडी रस्त्यापर्यंतच येते. आतल्या पाड्यांवरून जखमीला खाटेवर उचलून तिथवर आणावे लागते, आणि खाट उचलायला माणसे लागतात. एकट्याने कुऱ्हाड घेऊन रानात जाणे म्हणूनच टाळावे.