कोंबडीच्या खाद्यात फ्लॅव्होनॉइड कसे आले?

वनस्पतींतील फ्लॅव्होनॉइड (फळे, पाने, साली यांत आढळणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांचे एक कुळ) शरीरावर काही परिणाम करतात, याची पहिली ठळक चर्चा 1936 मध्ये झाली. हंगेरीतील अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लिंबू व लाल मिरचीच्या अर्कांनी केशवाहिन्यांतील गळती कमी होताना दिसली. त्यांनी या द्रव्यांना 'जीवनसत्त्व पी' म्हटले. पुढे ती जीवनसत्त्वे नाहीत हे स्पष्ट झाले आणि ते नाव मागे पडले.

पशुखाद्याच्या क्षेत्रात तर या कुळाची ओळख उपद्रवी म्हणूनच होती. तपकिरी ज्वारीतील टॅनिन हे फ्लॅव्होनॉइडचेच घटक एकमेकांना जोडून तयार झालेले असते. ते प्रथिनांना धरून ठेवते, पचन मंदावते आणि पिल्लांची वाढ खुंटते. म्हणून टॅनिन कमी असलेल्या जाती निवडण्यावर भर राहिला. जे कुळ खाद्यातून काढून टाकायचे होते, तेच आज मुद्दाम मिसळले जाते. हा बदल समजून घ्यायचा तर आधी प्रतिजैविकांकडे वळावे लागते.

1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड जीवनसत्त्व बी-12 चा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला. पिल्ले बी-12 मुळे वाढावीत त्यापेक्षा जास्त वाढली. चोथ्यात उरलेल्या प्रतिजैविकाचा तो परिणाम होता. 1951 मध्ये अमेरिकेत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात प्रतिजैविके मिसळायला परवानगी मिळाली आणि टनामागे काही ग्रॅम औषध ही जगभरची रीत बनली. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या पिल्लांमध्ये मात्र हा फायदा दिसत नव्हता. म्हणजे औषधाचे काम आतड्यातील जंतूंमार्फत चालले होते. पुढच्या सगळ्या संशोधनाचे बीज मला याच निरीक्षणात दिसते.

धोक्याची सूचना लवकर मिळाली होती. ब्रिटनमध्ये 1969 च्या स्वान समितीने मानवी उपचारातील प्रतिजैविके वाढीसाठी वापरू नयेत असे सुचवले. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीचा वापर पूर्ण थांबवला. त्यानंतर अ‍ॅव्होपार्सिनचे प्रकरण आले. हे खाद्यातले औषध रुग्णालयांत अखेरचा उपाय मानल्या जाणाऱ्या व्हॅन्कोमायसिनच्या जवळचे. त्याच्या वापराने व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारे एन्टेरोकॉकस जंतू कोंबड्यांत वाढले. डेन्मार्कने 1995 मध्ये, तर युरोपीय संघाने 1997 मध्ये ते बंद केले. 1 जानेवारी 2006 पासून युरोपात वाढीसाठी प्रतिजैविके पूर्ण बंद झाली. अमेरिकेत 2017 मध्ये आणि चीनमध्ये 2020 मध्ये मोठे निर्बंध आले. हे निर्णय उशिराच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषध काढताच त्याने काय झाकून ठेवले होते ते उघडे पडले. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूमुळे होणारा आतड्याचा दाह डोके वर काढू लागला. मेलेला पक्षी उघडला की लहान आतडे वायूने फुगलेले, भिंत पातळ आणि ठिसूळ, आणि आतून पिवळसर-तपकिरी, टॉवेलसारखा खरखरीत थर. आधी रक्ती हगवणीच्या परजीवींनी आतड्याला इजा केली असेल, तर या जंतूंना आयतेच रान मिळते. सेंद्रिय आम्ले, प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जंतू), यीस्टच्या पेशीभित्ती आणि वनस्पतींचे अर्क यांचा शोध याच काळात जोरात सुरू झाला. कांद्यातील क्वेर्सेटिन, लिंबूवर्गीय सालींतील हेस्पेरिडिन, सोयाबीनमधील जेनिस्टिन आणि चहातील कॅटेचिन ही नावे पुढे आली.

सुरुवातीला सगळा भर त्यांच्या ऑक्सिडीकरणविरोधी गुणांवर होता. पण एक अडचण होती: खाद्यातल्या फ्लॅव्होनॉइडचा फारच थोडा भाग रक्तात पोहोचतो. बहुतेक रेणूंना साखर जोडलेली असते, ते आतड्यातच राहतात आणि शेवटच्या भागातले जंतू त्यांचे तुकडे करतात. माझ्या मते खरे वळण इथे आले. जे रक्तात जात नाही ते वाया गेले असे न मानता, त्याचे काम आतड्यातच चालत असावे, असा विचार रुजला. आतड्याच्या अस्तरातील पेशींना घट्ट बांधणारे सांधे शाबूत राहणे, एनएफ-कॅप्पा-बी या दाह पेटवणाऱ्या यंत्रणेला आवर बसणे, पेशींची स्वतःची संरक्षक विकरे वाढणे, असे परिणाम प्रयोगांत दिसले आहेत.

प्रतिकारशक्तीचा धागाही इथेच जुळतो. कोंबडीच्या प्रतिकारशक्तीचा मोठा भाग आतड्याभोवतीच वसलेला आहे. ब्रूस ग्लिक यांच्या 1956 च्या कामातून दिसले की गुदद्वाराजवळची बर्सा ही पिशवी काढली तर पक्षी प्रतिपिंडे नीट तयार करू शकत नाही. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींतील 'बी' या बर्साचाच. आतड्यात सतत दाह धुमसत राहिला की वाढीसाठीचे पोषण संरक्षणावर खर्च होते. तो दाह शमला तर खाद्य अंगी लागते.

तरीही चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. एकाच वनस्पतीच्या अर्कातले प्रमाण जात, हंगाम आणि अर्क काढण्याच्या पद्धतीनुसार बदलते. जमिनीवर पसरलेला कोरडा भुसा (लिटर) आणि कमी गर्दी असलेल्या शेडमध्ये निरोगी पक्ष्यांवर फरक जेमतेम दिसतो; ताण किंवा रोगाचा दाब असेल तिथे अधिक. मात्रेचेही भान हवे, कारण जेनिस्टिनची क्रिया इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी असते. युरोपच्या नियमांत वनस्पतींचे अर्क अजूनही मुख्यतः चव आणि वास देणाऱ्या गटात नोंदले जातात. वाढ किंवा आरोग्याचा दावा करायचा तर चाचण्यांचे वेगळे पुरावे द्यावे लागतात.