मार लागल्यावर मारिओ किती लहान होतो : रूपांतराच्या एका नियमाची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतल्या, दुपारी नागपुरातील मुलांना घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसे, तेव्हा टीव्हीला जोडायच्या गेमच्या खोक्यापुढे जे वाद होत, त्यांतील एक वाद आमच्या घरी अख्खी सुटी पुरला. शहराच्या महाल भागात राहणाऱ्या मामेभावाचे म्हणणे असे की, मारिओ नावाच्या पात्राच्या व्हिडिओ गेममालिकेतील तिसऱ्या खेळात, म्हणजे तिसऱ्या मारिओमध्ये, पान घेऊन शेपटी मिळवलेल्या मारिओला शत्रू कासवाचा धक्का लागला की शेपटी जाते, पण तो मोठाच राहतो. आमच्या धरमपेठेतल्या घरी असलेल्या कॅसेटमध्ये मात्र तो थेट बुटका होत असे. दोघांनी एकमेकांना खोटे ठरवले आणि खोटे कोणीच बोलत नव्हते. आमच्या कॅसेटमधील मशरूमच्या घरातला माणूस जपानी अक्षरांत बोलत असे, भावाच्या कॅसेटमधला इंग्रजीत. या फरकातच उत्तर होते, पण ते उमगायला पुढे बरीच वर्षे गेली.

वस्तू घेऊन पात्राचे बळ बदलण्याची रीत सुपर मारिओच्या खेळांहून थोडी जुनी आहे. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये मोठी गोळी खाल्ली की पाठलाग करणारी भुते निळी पडून पळू लागत आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये हा निळा काळ आखडत जाऊन अखेर नाहीसा होई. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये हातोडा मिळे, मात्र तो हाती असेपर्यंत उडीही मारता येत नसे आणि शिडीही चढता येत नसे. या दोन्ही खेळांत पात्राचा देह होता तसाच राही. बदलत असे ती परिस्थिती, आणि तीही ठरावीक क्षणांपुरती.

देह बदलला तो १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये. मशरूम घेताच पडद्यावरचे सगळे थांबते, मारिओ लहान-मोठा असा लुकलुकतो आणि मग दुप्पट उंच होऊन उभा राहतो. या क्षणी खेळाच्या आत बरेच काही बदललेले असते. धक्का कुठवर लागेल हे ठरवणारी चौकट वाढते, डोक्याने विटा फुटू लागतात, आणि ज्या अरुंद फटीतून बुटका मारिओ सहज जात असे, तिथे मोठ्याला धावत येऊन बसून घसरावे लागते. म्हणजे मोठे होणे हा निव्वळ लाभ नव्हता. प्रश्नचिन्हाच्या चौकोनातून काय निघेल हेसुद्धा अंगावरच्या रूपावर ठरे : लहान असाल तर मशरूम, मोठे असाल तर आगीचे गोळे फेकण्याची ताकद देणारे फूल. प्रत्येक टप्पा दोन उंचीच्या देहांसाठी रचावा लागला, आणि या खेळाच्या रचनेतील निम्मी हुशारी मला तरी इथेच दिसते.

आकार आणि ताकद या दोन गोष्टी यंत्राच्या स्मृतीत वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेल्या असतात, हे एका प्रसिद्ध चुकीमुळे उघड झाले. किल्ल्याच्या शेवटी राक्षस आणि कुऱ्हाड या दोघांना एकाच क्षणी स्पर्श झाला, तर मारिओ पुढच्या टप्प्यात दिसायला मोठा, पण आतून लहान असतो. त्यानंतर मशरूम खाल्ले की तो दिसायला बुटका होतो आणि पुढे फूल घेतले की हा बुटकाच आगीचे गोळे फेकू लागतो. आमच्या गल्लीत एका मुलाने हे करून दाखवले होते आणि आम्ही ते कॅसेट बिघडल्याचे लक्षण समजून कॅसेट काढून फुंकली होती.

‘पॉवर’ या शब्दाने मात्र गोंधळ घातला. जपानीत ‘पॉवर-अप’ म्हणजे ताकद वाढणे, इंग्रजीत या जोडशब्दाचा आधीचा अर्थ यंत्र सुरू करणे, आणि खेळांच्या भाषेत तो कधी मशरूमला, कधी मशरूम खाल्ल्यानंतरच्या अवस्थेला लावला जातो. नागपुरात आम्ही ‘पॉवर भेटली’ म्हणत असू, तेव्हा वस्तू आणि अवस्था असा भेद नसे, आणि शेपटी गेली की ‘पॉवर गेली’ हे वाक्य ओघानेच येई. (वीज गेली तर आमच्याकडे ‘लाइन गेली’ म्हणतात, त्यामुळे निदान तिथे घोटाळा झाला नाही.) काँट्रा या गोळीबाराच्या खेळातील एस अक्षराची बंदूक आणि मारिओची शेपटी यांनाही आम्ही ‘पॉवर’ हा एकच शब्द लावत होतो. वस्तुतः बंदूक हे हातातले हत्यार आहे. ती असो वा नसो, एका गोळीत जीव जातो आणि जिवाबरोबर बंदूकही जाते. शेपटी मात्र जीव जाण्याआधी स्वतः जाते. रूप हेच चिलखत असणे ही मारिओच्या पद्धतीची खूण आहे, आणि मूळ वाद नेमका या चिलखताच्या जाडीचा होता.

पहिल्या मारिओमध्ये फूलवाल्याला धक्का लागला की तो एकदम बुटका होई. तिसरा मारिओ जपानमध्ये १९८८ साली आला, तोही याच नियमाने. पान, फूल, बेडकाचा पोशाख, काहीही अंगावर असो, एक धक्का बसला की बुटका आणि दुसऱ्या धक्क्यात खेळ खलास. हाच खेळ १९९० मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा नियम सैल केला गेला : पोशाख गेला तरी मारिओ मोठा राहील, त्यानंतरच्या धक्क्याने बुटका होईल आणि तिसऱ्याने मरेल. दोन धक्क्यांचे तीन झाले, इतकाच हिशेब. खेळण्याची रीत मात्र त्याने पालटली. जपानी नियमात फुलाने आक्रमण वाढते, संरक्षण मशरूमएवढेच राहते. त्यामुळे शेपटी अंगावर असलेला खेळाडू जपून चालतो, कारण एका चुकीत सगळेच जाते. अमेरिकी नियमात शेपटी म्हणजे मशरूमवर चढवलेला आणखी एक थर होतो. खेळाडू बेफिकीर उड्या घेतो, आणि शेपटी गेल्यावर हळहळण्याऐवजी अजून एक थर शिल्लक असल्याचे समाधान मानतो. मामेभाऊ माझ्यापेक्षा दोन जगे (खेळाचे मोठे विभाग) पुढे का असे, याचे कारण त्याच्या बोटांत नव्हते असे मी आजही मानतो.

अमेरिकी बदल दयाळू होता आणि लहान मुलांच्या सोयीचा होता, हे नाकारता येत नाही. तरीही जपानी नियमात जी धास्ती होती, तिच्यामुळेच शेपटीला मोल होते, आणि ती धास्ती पातळ केल्यावर रूपांतराचे बरेचसे वजन गेले असे मला वाटते. पुढचा खेळ, सुपर मारिओ वर्ल्ड, जपानमध्ये १९९० च्या नोव्हेंबरात आला, आणि त्याने मधला मार्ग काढला : धक्का बसला की पुन्हा थेट बुटका, पण पडद्याच्या वरच्या चौकोनात राखून ठेवलेली वस्तू आपोआप खाली पडते आणि ती झेलता आली तर गेलेले परत मिळते. झेलण्याच्या धांदलीत मरणारे किती, हे ज्याने तो खेळला आहे त्यालाच ठाऊक. २००६ च्या न्यू सुपर मारिओ ब्रदर्सपासून अमेरिकेतला सैल नियमच रुळला.

मारिओबाहेरच्या खेळांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासूनच वेगळे मार्ग चोखाळले. १९८८ च्या ऑल्टर्ड बीस्टमध्ये तीन गोलक गोळा केले की माणसाचा लांडगा होई, पुढच्या टप्प्यांत ड्रॅगन, अस्वल आणि वाघ. टप्पा संपला की हे रूप काढून घेतले जाई, म्हणजे नुकसान खेळाडूच्या चुकीमुळे नव्हे, तर ठरल्या वेळी होई. १९९२ च्या दुसऱ्या सॉनिकमध्ये सात पाचू आणि पन्नास कड्या जमल्या की सॉनिक हा निळा नायक सोनेरी व अभेद्य होई, पण दर सेकंदाला एक कडी खर्च होत असे आणि कड्या संपताच तो पुन्हा निळा. इथे शत्रू घड्याळ आहे. २००१ च्या डेव्हिल मे क्रायमध्ये तर वस्तू शोधण्याची गरजच उरली नाही. लढता लढता पट्टी भरते, खेळाडू हवे तेव्हा बटण दाबून राक्षस होतो, त्या रूपात जखमाही भरतात आणि पट्टी रिकामी होताच माणूस परत येतो. मार खाऊन रूप जाण्याचा प्रश्न तिथे मागे पडला आणि रूप केव्हा खर्चायचे हा हिशेब पुढे आला.

मोबाइलवरील गोळीबाराच्या खेळांत आज जे पोशाख विकले जातात, त्यांनी बहुधा दिसणेच बदलते. तिथे रूप आणि ताकद यांची फारकत झाली आहे, आणि नागपूरच्या सदर भागातल्या चहाच्या टपरीवर मुले ज्या पोशाखाची किंमत सांगतात, तो गोळी लागल्यावरही अंगावर तसाच राहतो.

मारिओच्या घराण्यातला २०२३ चा सुपर मारिओ ब्रदर्स वंडर या वादाचे नवे टोक दाखवतो. त्यात फळ खाऊन मारिओ हत्ती होतो आणि धक्का लागला की सैल नियमानुसार मोठा मारिओ उरतो. पण त्यातच योशी आणि नॅबिट ही पात्रे अशी आहेत की, शत्रूच्या धक्क्याने त्यांना काही होत नाही, आणि त्यांच्यापैकी कोणी हत्तीचे फळ घेतले तरी त्याचा हत्ती होत नाही. मामेभावाची मुलगी नेहमी नॅबिट निवडते. तिचे वडील शेजारी मारिओ घेऊन बसतात आणि हत्ती गेला की अजूनही कंट्रोलर गादीवर आपटतात.