केळी आणि कापूस (खानदेश)

खानदेशातील दोन प्रमुख पिके. तापीकाठच्या रावेर-यावल भागात केळीची बाग आणि कपाशीचे वावर पुष्कळदा एकाच बांधाला लागून असते. दोन्ही सपुष्प वनस्पती. पण केळी एकदलिकित (बियात एकच दल असलेल्या गटातली), तर कापूस द्विदलिकित (दोन दलांच्या गटातला), जास्वंद-भेंडी-अंबाडीचा भाऊबंद. दोघांमधला सर्वांत मोठा फरक मात्र बियांचा आहे.

केळीचे उभे खोड हे खोड नव्हेच. एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या तळभागांचा तो सोट. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. बाग निसवते तेव्हा फुलोरा या कंदापासून सोटाच्या आतून चढत शेंड्यातून बाहेर येतो आणि स्वतःच्या भाराने खाली वळतो. कमळाचे (केळफुलाचे) एकेक जांभळे पान उचलले की फिकट फुलांची दाटीने बसलेली ओळ दिसते. आधी उमलणाऱ्या ओळी मादी फुलांच्या. त्यांच्या फण्या होतात. टोकाकडची फुले नर, त्यांना फळ धरत नाही. लागवडीच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी तयार होत नाही. परागीभवनावाचूनच फळ पोसते. केळ मधोमध कापले तर दिसणारे बारीक काळे ठिपके, एवढीच बियांची खूण उरली आहे. म्हणून लागवड मुनव्यांनी (कंदाला फुटणाऱ्या कोंबांनी) किंवा ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, टिश्यू कल्चर) रोपांनी होते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कापसात सारे मोल बियांच्या अंगावर असते. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाऊन धागा होते, तोच कापूस. फूल सकाळी फिकट पिवळसर उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग गळते आणि बोंड वाढू लागते. एकाच झाडावर दोन रंगांची फुले दिसतात ती यामुळे. लागवडही सरकीनेच होते. २००२ पासून आलेल्या बीटी (बोंडअळीला रोखणारे जनुक घातलेल्या) संकरित वाणांचे बियाणे मात्र दर हंगामाला विकत घ्यावे लागते.

एवढी वेगळी असूनही ही पिके एकमेकांपासून सुटी नाहीत. कपाशीच्या पानामागे बसणारा मावा (रस शोषणारी बारीक कीड) काकडी मोझॅक विषाणूही पसरवतो आणि केळीवर तोच विषाणू ‘हरण्या’ रोग होऊन येतो. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा (शेंड्यातले गुंडाळलेले कोवळे पान) सडतो. औषध नाही, रोगट झाड कंदासकट उपटून नष्ट करावे लागते. एका कंदाच्या वंशातली सगळी बाग सारखीच असल्याने एक झाड बळी पडले की शेजारच्याजवळही वेगळा बचाव नसतो.