लिस्बन ते माद्रिद : तिकिटावरचा वेळ आणि हवेतला वेळ

लिस्बनहून १० वाजता सुटलेले विमान माद्रिदला १२ वाजून २० मिनिटांनी पोहोचते आणि माद्रिदहून १० वाजताच सुटलेले लिस्बनला १० वाजून २० मिनिटांनी, असे वेळापत्रक पाहून जाताना दोन तास वीस मिनिटे लागतात आणि येताना वीस मिनिटे, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात दोन्ही प्रवास साधारण १ तास २० मिनिटांचेच आहेत. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते आणि पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा एक तास मागे असते. उन्हाळी वेळेचा बदल, म्हणजे उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे नेणे, दोन्ही देश एकाच क्षणी करत असल्याने हे अंतर वर्षभर तेवढेच राहते.

हा एक तास भूगोलापेक्षा इतिहासाने घातलेला आहे. माद्रिदही ग्रीनिचच्या पश्चिमेलाच आहे. पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळे एक तास पुढे नेली गेली आणि ती पुन्हा मागे आली नाहीत. पोर्तुगालनेही १९९२ ते १९९६ या काळात मध्य युरोपची, म्हणजे स्पेनचीच, वेळ पाळून पाहिली आणि मग सोडून दिली. देशभर एकच प्रमाणवेळ असण्याची सवय झालेल्या भारतीय प्रवाशाने पुढचे विमान गाठण्याचा हिशेब करताना हा तास आधी बाजूला काढावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उरलेले १ तास २० मिनिटेही सगळी हवेतली नसतात. वेळापत्रकातली सुटण्याची वेळ म्हणजे विमानाने आपली जागा सोडण्याची आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे ते पुन्हा जागेवर उभे राहण्याची. त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणे, हे सारे त्यात धरलेले असते. माद्रिदच्या बाराखास विमानतळाला चार धावपट्ट्या आहेत आणि तिथे बहुतेक वेळा विमाने आग्नेयेकडून येऊन उतरतात, म्हणून पश्चिमेकडून आलेल्या लिस्बनच्या विमानाला शहराच्या दक्षिणेने पुढे जाऊन वळून यावे लागते. अशा वेळी माद्रिद जवळ आले तरी विमान लगेच उतरत नाही.

अंतराचेही असेच आहे. दोन शहरांमधले हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे, तर सीमेजवळच्या बादाखोस या स्पॅनिश शहरावरून जाणारा रस्ता सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास भरतो. वर सांगितलेल्या वळणांमुळे विमानही ५०० किलोमीटरपेक्षा थोडे अधिकच उडते. मात्र विलंबाच्या भरपाईसाठी युरोपीय संघाचा २००४ सालचा नियम पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतरच मोजतो. विलंब किती झाला हे ठरवताना मात्र, २०१४ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालानुसार, चाके धावपट्टीला टेकल्याची वेळ धरत नाहीत. प्रवाशांना बाहेर पडता यावे म्हणून विमानाचे किमान एक दार उघडते, ती वेळ धरतात.