जुन्या गाडीचे ब्रेक आणि साडेतीन चमचे पाणी

माझ्या एका मित्राने चौदा वर्षं जुन्या सेडानला पुढे मोठ्या, भोकं पाडलेल्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) बसवल्या, कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून घर्षणाच्या पॅडने चिमटणारे भाग) लाल रंगवून घेतले आणि मला म्हणाला की आता गाडी निम्म्या अंतरात थांबते. नाही थांबत. थांबूच शकत नाही, आणि ते का हे एकदा कळलं की जुन्या गाडीच्या ब्रेकवर पैसे नक्की कुठे घालायचे तेही कळतं, म्हणून हे लिहितोय.

गाडीला थांबवणारं बळ येतं ते रस्त्याकडून, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून. ब्रेक फक्त चाकाला फिरू देत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक 0.8 धरला तर ताशी 100 किमीवरून थांबायला ब्रेक लागल्यापासून साधारण 49 मीटर लागतात, आणि या गणितात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही (गाडीचं वजनसुद्धा येत नाही, करून बघा). आत्ताचे ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील, किंवा एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि पायाखाली खडखड जाणवत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. अंतर कमी करायचंय? टायर बदला.

मग मोठी डिस्क असते कशाला, तर उष्णतेसाठी. 1400 किलोची गाडी ताशी 100 किमीने जाताना तिच्यात सुमारे 5 लाख 40 हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते, एवढ्यात दीड लिटर पाणी उकळीला येतं, आणि ही सगळी ऊर्जा साडेतीन सेकंदांत उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातला 70 टक्के भार पुढच्या ब्रेकवर धरला आणि पुढची एकेक डिस्क सहा किलोची असली तर एका ब्रेकिंगला ती 60-65 अंशांनी तापते. एकदा ठीक आहे. पण 500 मीटर उंचीचा घाट न्यूट्रलवर, ब्रेक दाबत उतरलात तर जवळजवळ 69 लाख ज्यूल, म्हणजे तसली बारा-तेरा ब्रेकिंग पाठोपाठ! तिथे जाड, जड डिस्क कामाला येते कारण ती जास्त उष्णता पोटात घेते. आणि भोकं? पूर्वीचे पॅड तापले की वायू सोडायचे, त्याला वाट मिळावी म्हणून ती होती. आजच्या पॅडना त्याची फारशी गरज नाही, उलट भोकांमुळे डिस्कचं वजन घटतं आणि भोकांच्या कडेपासून तडे जातात. दिसायला छान दिसतात हे मान्य.

आता मला ज्यावर खरं बोलायचंय ते, ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत आणि तिथून पॅडपर्यंत पोचवणारा द्रव. ऑइल म्हणतात पण ते तेल नाही, ग्लायकॉल ईथर जातीचा द्रव आहे आणि तो पाणी ओढतो. रबरी होजमधून (लवचिक नळ्यांमधून), टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून, हवेतला ओलावा हळूहळू आत जात राहतो. नवं डॉट 4 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत सांगणारं मानक) ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की ती हमी 155 वर येते, डॉट 3 ची 205 वरून 140 वर. गाडीत अर्धा लिटर ऑइल धरलं तर 3.7 टक्के म्हणजे फक्त साडेतीन चमचे पाणी.

आणि इथे गंमत अशी की ऑइल ब्रेक दाबलेला असताना उकळत नाही, पाय उचलल्यावर उकळतं. प्रेशर कुकरसारखंच, दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, 50 वातावरणांच्या दाबाखाली तर शुद्ध पाणीही 260 अंशांपर्यंत उकळत नाही. तुम्ही पाय काढता, दाब एकदम उतरतो, आणि कॅलिपरमध्ये तापून बसलेल्या द्रवात बुडबुडे फुटतात. पुढच्या वेळी पेडल दाबलं की तुम्ही पॅड दाबत नसता, वाफ दाबत असता, आणि वाफ द्रवासारखी नाही, ती आकसते. किती वाफ लागते? मास्टर सिलेंडरचा (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या पंपाचा) व्यास 22 मिमी आणि सरक 30 मिमी धरली तर एका दाबात 11-12 सीसी द्रव ढकलला जातो, म्हणजे तेवढी वाफ सगळं पेडल खाऊन टाकते. पाण्याची वाफ झाली की आकारमान 1600-1700 पट होतं, तेव्हा 12 सीसी वाफेला पाण्याच्या एका थेंबाचा जेमतेम सातवा भाग पुरतो. एका थेंबाचा सातवा भाग, आणि पेडल जमिनीला!

उतार संपल्यावर गाडी पाच मिनिटं उभी केली तर आणखी वाईट होऊ शकतं, कारण वारा थांबतो आणि डिस्कची उष्णता पॅडमधून, पिस्टनमधून सावकाश ऑइलकडे सरकते. नंतर सगळं गार झालं की वाफेचं परत पाणी, पेडल पुन्हा टणक, मेकॅनिकला काही सापडत नाही, आणि मग लोक म्हणतात घाटाखालची ती जागाच वाईट आहे, तिथे ब्रेक लागत नाहीत. जागेत काही नाही हो. उतार संपतो तिथे ब्रेक सगळ्यात जास्त तापलेले असतात, एवढंच.

तेव्हा जुन्या गाडीत पहिलं काम दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं (रंगावरून पाणी कळत नाही), कंपनीने डॉट 3 सांगितलं असेल तर बहुतेक वेळा डॉट 4 चालतं, मॅन्युअल बघून घ्या. मात्र डॉट 5 टाकू नका, ते सिलिकॉनचं असतं, ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, आणि त्यात आलेलं पाणी वेगळं थेंब होऊन साचतं आणि सरळ 100 अंशांनाच उकळतं. डॉट 5.1 वेगळं, ते ग्लायकॉलचंच. मग रबरी होज बघा, जुने झाले की दाबाखाली फुगतात आणि पेडल मऊ लागतं, स्टीलची जाळी असलेले होज घातले तर हा फरक पायाला लगेच जाणवतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम असतील तर एकच पॅड घासला जातो, त्या साफ करून ग्रीस करा. मग चांगले पॅड.

मागच्या ड्रमच्या (डब्यासारख्या, आतून घासणाऱ्या ब्रेकच्या) जागी डिस्क बसवायच्या आधी मात्र दहादा विचार करा. जोरात ब्रेक लावला की भार पुढे जातो, पुढे-मागे 60-40 वजनवाटणीची गाडी 0.8 जी ला (गुरुत्वाच्या 0.8 पट जोराने वेग कमी करताना) साधारण 77-23 वर येते, मागची चाकं हलकी होतात. तिथे ब्रेक वाढवला आणि मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. मोठ्या पिस्टनचे कॅलिपर घातले तर तेच मास्टर सिलेंडर त्यांना पुरेल का हाही प्रश्न, कारण पिस्टन मोठा म्हणजे ऑइल जास्त लागणार आणि पेडल खोल जाणार.

मित्राला विचारलं ऑइल शेवटचं कधी बदललं, तर त्याला आठवत नव्हतं. येत्या रविवारी चारही चाकांपाशी बसून जुनं सगळं काढतोय, डिस्क राहू दे आहेत तशा.