झाडाचं वजन येतं कुठून?

कुंडीत माती भरणाऱ्या मुलांना एकदा विचारून पाहा, "एवढंसं रोप मोठं होतं, ते कशापासून?" बहुतेक जण म्हणतील, "मातीपासून!" लगेच उत्तर सांगून टाकू नका. शतकानुशतकं मोठी माणसंही हेच मानत आली होती.

सतराव्या शतकातले फ्लेमिश वैज्ञानिक यान बॅप्टिस्ट व्हान हेलमाँट यांनी ते तोलून पाहिलं. २०० पौंड वाळवलेल्या मातीत त्यांनी ५ पौंडांचं विलोचं झाड लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट जेमतेम २ औंसांची, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम! झाड पाण्यापासूनच बनतं, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८मध्ये हे छापून आलं. मोजमाप चोख होतं, पण हवा हिशेबातून सुटली. 'गॅस' हा शब्द विज्ञानाला देणारे हेच गृहस्थ, म्हणून मला याचं फार नवल वाटतं.

त्यांचं राहिलेलं काम मुलं करू शकतात. घेवड्याच्या बियांचे सारख्या वजनाचे तीन वाटे करा, प्रत्येकी वीसेक बियांचे. एकट्या रोपाचं वजन साध्या काट्यावर कळत नाही. एक वाटा कोरडाच ठेवा. उरलेले दोन ओल्या वाळूत पेरून एक उजेडात, दुसरा अंधाऱ्या कपाटात ठेवा. कुठली रोपं जास्त वाढतील, हा अंदाज मुलांनी आधीच वहीत लिहायचा. ही पायरी गाळू नका, सगळी गंमत तिच्यातच आहे.

कारण काही दिवसांनी अंधारातली रोपंच उंच दिसतात! फिकट, लांबुडकी, पण उंच. दोन-तीन आठवड्यांनी रोपं मुळांसकट धुऊन कडकडीत वाळवा आणि तोला. अंधारातली रोपं कोरड्या बियांपेक्षाही हलकी भरतात. उजेड शोधताना त्यांनी बीमधला साठा खर्च केलेला असतो. श्वसनात त्यातला कार्बन हवेत निघून जातो. उंची दिसते ती मुख्यतः पाण्याने फुगलेल्या पेशींची. उजेडातली रोपं मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून साखर बनवतात आणि तिच्यातूनच अंग धरतात.

"मग माती कशाला लागते?" असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा त्या २ औंसांकडे परत जायचं. व्हान हेलमाँट यांनी सोडून दिलेल्या त्या चिमूटभर घटीत नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम यांचाही वाटा असणार. पुढच्या खेपेला एक वाटा नुसत्या वाळूत, एक खतमातीत पेरायचा आणि महिनाभर वाट पाहायची.